साष्टीत आधी कोण होतं?



एका सालापासून सुरुवात करतो. १८३०. त्या वर्षीच्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चेरोकी, चोक्टॉ, क्रीक या जमातींना नदीपलीकडे हलवायचं आणि त्यांची जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना मोकळी करून द्यायची, असा तो कायदा. त्याच वर्षी इकडे ईस्ट इंडिया कंपनीने बैरामजी जीजीभॉय या पारशी व्यापाऱ्याला साष्टी बेटातली सात गावं दिली. सुमारे १२ हजार एकर. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. जॅक्सनला साष्टी ठाऊक नव्हती आणि बैरामजींना चेरोकी. पण दोन्हीकडच्या सरकारांच्या डोक्यात एकच हिशेब होता : ही जमीन नुसती पडून आहे, रान माजलं आहे, कर्त्या माणसाच्या हाती दिली तर तिचं सोनं होईल.

आपण ज्या बोरिवलीत बसलो आहोत ती साष्टीतच येते. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंत जे एक मोठं बेट होतं, ज्याला आज आपण सरसकट उपनगर म्हणतो, ती साष्टी. अमेरिकेतल्या आद्य वसाहतकारांवर बोलावं अशी आयोजकांची सूचना होती. मी ती आनंदाने मान्य केली, कारण तो इतिहास वाचताना मला सारखी आपली उपनगरंच दिसत राहिली. रान हटवून घर करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला इतिहास वसाहतकार म्हणतो आणि दुसऱ्याला अतिक्रमण करणारा. हा फरक त्यांच्या कष्टांवरून पडत नाही, तो हातातल्या कागदावरून पडतो. अमेरिकेत असंच झालं, इथेही असंच झालं आणि अजून होतं आहे. आजचं माझं सगळं बोलणं याभोवतीच आहे.

आधी त्या माणसांना त्यांचं श्रेय देऊ. १७७५ साली डॅनियल बून तीसेक कुऱ्हाडवाल्यांना घेऊन अपलाचियन पर्वताच्या खिंडीतून केंटकीकडे वाट पाडत निघाला. त्या वाटेने पुढे हजारो कुटुंबं गेली. बरोबर एखादी गाय, बियाणं, बंदूक, लोखंडी तवा. गेल्यावर आधी झाडं तोडायची, मग त्याच ओंडक्यांचं घर. आणखी पश्चिमेला, गवताच्या अफाट मैदानांत पोचले तर तिथे झाडच नाही. मग त्यांनी जमिनीचा वरचा थर गवताच्या मुळांसकट विटांसारखा कापला आणि त्याच्या भिंती रचल्या. पाऊस थांबल्यावरही अशा घराचं छत दोन-दोन दिवस गळत राही आणि छतातून कधी साप पडे. सरपण नाही म्हणून रानरेड्यांचं वाळलेलं शेण गोळा करून बायका चूल पेटवत. गोवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या आपल्या आज्यांना त्या बायकांचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

१८६२ साली लिंकनच्या सहीने जमीनवाटपाचा कायदा आला. १६० एकर जमीन घ्या, तिच्यावर पाच वर्षं राहा, घर बांधा, शेती करा, मग जमीन तुमच्या नावे होईल. अविवाहित बाईला, विधवेलाही हक्क होता. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेली काळी कुटुंबंही कॅन्ससकडे गेली आणि १८७७ मध्ये त्यांनी निकोडेमस हे गाव वसवलं. पुढच्या काळात या कायद्याखाली सुमारे १६ लाख लोकांच्या नावे जमिनी झाल्या. राबणाऱ्याला मालकी देणारा इतका मोठा कायदा त्या काळात दुसरीकडे सापडणं कठीण, आणि हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

पण जमीन कोणाची वाटली? चेरोकींची गोष्ट सांगतो, कारण ‘रानटी’ लोकांच्या रिकाम्या जमिनीवर सुधारणा आली, ही समजूत तिथे पार कोसळते. सिक्वोया नावाच्या एका चेरोकी माणसाने आपल्या भाषेसाठी स्वतः लिपी तयार केली. १८२८ साली त्या लिपीत वर्तमानपत्र निघालं. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ते १८३२ च्या जानेवारीत. म्हणजे मराठी वर्तमानपत्राच्या चार वर्षं आधी चेरोकी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्याकडे शेतं होती, शाळा होत्या, लिखित राज्यघटना होती. १८३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याच्या विरोधात, त्यांच्या बाजूने निकालही दिला. तरीही १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरातून बाहेर काढलं आणि त्या हिवाळ्यात शेकडो मैल चालवत नेलं. सुमारे १६ हजारांपैकी अंदाजे चार हजार माणसं मेली.

हे सगळं आपल्याकडे कोणाला दिसलं होतं? जोतीराव फुल्यांना. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे, कारण त्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवलं. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत जोतीराव आणखी एक गोष्ट नोंदवतात, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर जे क्रौर्य केलं, तसंच आपल्याकडे आर्यांनी इथल्या मूळ लोकांवर केलं, अशी तुलना ते करतात. आर्यांच्या आगमनाविषयीचं त्यांचं सगळं म्हणणं आज इतिहासकार जसंच्या तसं स्वीकारतील असं नाही. मला महत्त्वाची वाटते ती नजर. ज्या अमेरिकेची एका हाताने पाठ थोपटली, तिलाच दुसऱ्या हाताने जाब विचारणारा माणूस पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला.

आता घरी येऊ. साष्टी रिकामी होती का?

कान्हेरीला आपण सहलीला जातो. शंभराहून अधिक लेणी तिथे एका डोंगरात आहेत आणि इसवी सनाच्या सुरुवातीपासून जवळजवळ हजार वर्षं तिथे माणसांचा राबता होता. पुढच्या वेळी मूर्ती बघून झाल्या की लेण्यांच्या दारापाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघा. डोंगरउतारावरचं पाणी चरांतून त्या टाक्यांत आणलं आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख भिंतींवर आहेत. म्हणजे या रानात पाणीपुरवठा होता, देणगीदार होते, रस्ता होता आणि जाग होती.

बोरिवलीकरांना एक्सर वेगळं सांगायला नको. तिथले वीरगळ ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी येत्या रविवारी जरूर पाहावेत. शिलाहारकाळातले हे उंच दगड आहेत आणि प्रत्येकावर आडवे पट्टे कोरले आहेत. काहींच्या खालच्या पट्ट्यात गलबतं आहेत, ओळीने वल्ही बाहेर आलेली. त्यावरच्या पट्ट्यात लढाई आणि पाण्यात पडलेली माणसं. अगदी वर तो मेलेला वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. दगडाची झीज झाली आहे, काही चेहरे पुसले गेले आहेत, पण वल्ह्यांची तिरपी रांग अजून स्पष्ट मोजता येते. ज्या गावाने आपल्या आरमारी लढाईतल्या मेलेल्यांसाठी असे दगड उभे केले, ते गाव कंपनीच्या कारभाऱ्यांना पडीक वाटावं!

अंधेरीतही असंच आहे. सीप्झच्या कुंपणाच्या आत, संगणकाच्या कंपन्या आणि हिऱ्यांच्या कारखान्यांच्या मधोमध, एका जुन्या चर्चचे भग्न अवशेष आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं हे चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलं. १८४० च्या सुमाराला साथ आली, गाव उठलं आणि चर्च मरोळला हलवलं. मागे भिंती राहिल्या. १५३४ मध्ये पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला सर केला. इतक्या लढाया झालेल्या मुलखात काही गावं ओस पडली असणार, शेतांवर रान चढलं असणार. पण शेत सोडून गेलेल्या माणसाचा त्या शेताशी संबंध संपला असं कोण ठरवतं? आणि जो सोडून गेलाच नाही, डोंगरात राहिला, तो वारली, मल्हार कोळी, काथोडी तर कोणाच्या हिशेबातच नव्हता.

कंपनीला हवा होता महसूल. मग तिने मोठमोठे मुलूख व्यापाऱ्यांना द्यायला सुरुवात केली, की त्यांनी पैसा घालावा आणि जमीन लागवडीला आणावी. पवईचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. ती इस्टेट आधी डॉ. स्कॉट यांच्याकडे होती. १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी बनाजींकडे आली. धोबीतलावचं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट ज्यांच्या नावाचं आहे तेच हे. पवई, तिरंदाज, साकी, कोपरी, तुंगवा, पासपोली अशी ती गावं. फ्रामजींनी तिथे विहिरी खणल्या, रस्ते केले, ऊस लावला, कापूस, नीळ लावली, रेशमासाठी तुती लावली. १८३८ मध्ये त्यांनी आंबे थेट व्हिक्टोरिया राणीला पाठवले. हिवतापाच्या त्या दिवसांत पैसा आणि जीव दोन्ही ओतणारा हा माणूस होता आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे.

पण सनद फ्रामजींच्या नावे आहे. विहीर खणणारे, ऊस तोडणारे, तुतीला पाणी घालणारे हात कोणाचे होते, ते सनदेत नाही. डॅनियल बूनच्या कुऱ्हाडवाल्यांपैकी काहींची नावं तरी इतिहासात राहिली. फ्रामजींच्या कुदळवाल्यांची राहिली नाहीत. अमेरिकेत पाच वर्षं राबल्यावर कागद मिळत होता. साष्टीत कागद आधी मिळाला, तोही एकाला, आणि राबले दुसरेच. पुढे सव्वाशे वर्षं साष्टीतले हे सनदवाले खोत आणि त्यांची कुळं ही व्यवस्था चालली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने या खोतांची महसुलातली सूट काढून घेतली, तरी त्या जुन्या कागदांवरचे वाद आपल्या न्यायालयांत अजून ऐकू येतात. बोरिवली-मालाडकडच्या कितीतरी इमारतींच्या मालकीहक्काचे कागद उलगडत मागे गेलं की शेवटी कंपनीची सनद हाती लागते.

रेल्वेने साष्टी मुंबईला जोडली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती घाटकोपर-मुलुंडच्या शेतांतून. पश्चिमेकडची लाइन १८६४ मध्ये आली. तेव्हा गोरेगावच्या स्टेशनचं नाव पहाडी होतं. रेल्वे आली म्हणून लगेच वस्ती आली नाही, हे मात्र लक्षात घ्या. वस्ती पाण्यामागून जाते आणि साष्टीचं पाणी शहर घेऊन गेलं. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. डोंगर आमचे, पाऊस आमचा, नळ गेला भायखळ्याला. उपनगरातला माणूस मात्र विहिरीवर आणि पुढे टँकरवर जगला. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी मुलुंडचा आराखडा केला, स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचे ते सरळ एकमेकांना छेदणारे रस्ते तेव्हाचे. १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. फाळणीनंतर मुलुंडमध्ये सिंधी निर्वासितांची छावणी आली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. तेव्हा कुठे बोरिवली कागदोपत्री मुंबई झाली.

त्यानंतरच्या लाटेत आपल्यापैकी बहुतेकांची घरं आली. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या चाळींतल्या एका खोलीत तीन भाऊ संसार करत होते, त्यातला एक बोरिवलीला, मुलुंडला, घाटकोपरला निघाला. आमचंही घर तसंच आलं. नातेवाईक म्हणायचे, ‘अरे, जंगलात कशाला जाताय?’ संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना हातात बॅटरी लागे. पावसाळ्यात चिखलातून जायचं म्हणून आई ऑफिसच्या चपला पिशवीत ठेवी आणि स्टेशनवर घाली. रात्री दोनला नळाला पाणी येई, तेव्हा अख्खी इमारत जागी असे. कोणाच्या तरी मोरीत साप निघाला की शेजारच्या पाड्यावरच्या एका काकांना बोलवत. ते येत, साप धरून नेत, चहा घेत आणि जात. त्या काकांचं आडनाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्या जागी येण्याआधी ते तिथे होते, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

या पिढीने फार सोसलं आणि जे मिळवलं ते भांडून मिळवलं. त्या भांडणाचं नेतृत्व एका बाईने केलं. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि त्यांनी पाण्याचा प्रश्न धरला. विहार-तुळशीच्या काठावर राहणाऱ्यांना पाणी का नाही, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बायका हंडे घेऊन पालिकेवर गेल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं. पुढे शहरी जमीन कमाल धारणा कायदा आला, तेव्हा बाबूराव सामंत आणि मृणालताईंनी नागरी निवारा परिषदेच्या वतीने कंबर कसली. कायद्याने अतिरिक्त ठरलेली जमीन गरजूंच्या घरांसाठीच वापरा, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दिंडोशीला आज जवळपास सहा हजार घरांची वसाहत उभी आहे ती त्यातून. अमेरिकेच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या माणसाला सरकार जमीन देत होतं. आमच्या माणसांनी कायदा वाचला, न्यायालयात उभे राहिले आणि सरकारकडून जमीन काढून घेतली. मला हे दुसरं काम अधिक अवघड वाटतं.

ज्यांना कोर्टाची पायरी परवडली नाही त्यांनी डोंगर चढला. घाटकोपरच्या चिरागनगरात एका झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले. वाटेगावातून लहानपणी आईवडिलांबरोबर पायी मुंबईकडे निघालेला हा माणूस. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग त्या वस्तीत झाला, पुढे त्यांचं लेखन रशियनमध्ये गेलं आणि स्वतः अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. मराठीतल्या एका थोर लेखकाचा पत्ता कोणत्याही सनदेवर, सातबारावर नव्हता. घाटकोपर-असल्फ्याचा तो सगळा डोंगर अशा माणसांनी वसवला. दगड फोडून पायऱ्या केल्या, उतार कापून जोतं काढलं, पत्र्यावर दगड ठेवले. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या डोंगराची कड वस्तीवर कोसळली आणि साठहून अधिक माणसं गाडली गेली. गवताच्या विटांच्या घरात साप पडायचा ही गोष्ट आपण कौतुकाने वाचतो, कारण ती जुनी आहे आणि लांबची आहे. घाटकोपरच्या माणसालाही तेच कौतुक द्यायला आपण का कचरतो?

हे डोंगर वसत होते त्याच काळात चारकोप-गोराईला एक वेगळा प्रयोग झाला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने तिथे लहान लहान भूखंड आखले गेले. बहुतेक भूखंड २५ ते ४० चौरस मीटरचे. म्हाडाने जोतं, संडास, पाण्याची जोडणी दिली. वर घर ज्याचं त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. तीस-पस्तीस भूखंडांच्या मध्ये एक अंगण, आणि त्या अंगणाभोवतीच्या घरांची एक सोसायटी. पहिल्या वर्षी लोकांनी बारदान आणि पत्र्यात दिवस काढले. मग बोनस मिळाला की एक भिंत, मुलीचं लग्न ठरलं की फरशी, मुलगा नोकरीला लागला की वरचा मजला. आजही त्या गल्ल्यांतून चालताना एका घराला ग्रॅनाइटचा दर्शनी भाग आणि शेजारच्याला अजून उघडी वीट, असं दिसतं. प्रत्येक कुटुंबाचा हिशेब भिंतीवर वाचता येतो. मधल्या अंगणात कुठे तुळस आहे, कुठे गणपतीचा मांडव पडतो, कुठे स्कूटर लावल्या आहेत. लिंकनच्या कायद्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मुंबईत कुठली असेल तर ही. सरकारने पाय रोवायला जागा आणि कागद दिला आणि उरलेल्यासाठी माणसावर भरवसा ठेवला. हा प्रयोग पुढे का वाढला नाही, याचं उत्तर आपल्या नियोजनकारांनी द्यायला हवं. एवढी जमीन उंच इमारतींतून किती पैसे देईल हा हिशेब नंतर सगळ्या हिशेबांच्या वर बसला, एवढं मी माझ्यापुरतं म्हणतो.

आणि आता मूळ, कागदाच्या प्रश्नाकडे. आपल्या सरकारने झोपडीधारकांसाठी तारखा ठरवल्या. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्या तारखेआधीचा पुनर्वसनाला पात्र ठरला, नंतरचा अपात्र. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्तीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आदेश दिला आणि मोठ्या संख्येने झोपड्या हटवल्या गेल्या. उद्यान वाचलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात संशय नाही. शंभरेक चौरस किलोमीटरचं ते रान गेलं तर या शहराचं पाणी आणि हवा दोन्ही जातील. पण त्या मोहिमेत नवापाडा, तुमणीपाडा अशा पाड्यांवरच्या वारली-कोकणा कुटुंबांनाही, आम्ही अतिक्रमण नाही, हे पटवून द्यायची वेळ आली. ज्यांच्या पणजोबांनी फ्रामजींची तुतीची बाग पाहिली असेल त्यांच्याकडे रेशनकार्ड मागितलं गेलं. २००६ चा वनहक्क कायदा हा अन्याय दुरुस्त करण्यासाठी झाला. तो दुर्गम गडचिरोलीत जितका राबवला गेला, तितका महानगराच्या पोटातल्या पाड्यांत राबवला जावा, ही मागणी अवास्तव आहे का?

आरेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९४९ मध्ये दारा खुरोडींनी आरे दुग्धवसाहत उभी केली. शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तिथे गेल्या आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळू लागलं. तेही एक मोठं वसाहतीचं काम होतं. पण त्या तीन हजारांहून अधिक एकरांत पाडे आधीपासून होते. खांबाचा पाडा, केल्टीपाडा, जीवाचा पाडा. रानावरचा त्यांचा हक्क नोकरशाहीच्या नजरेत परवानगी झाला. दुग्धवसाहतीनंतर चित्रनगरी आली, आणखी संस्था आल्या, शेवटी मेट्रोचं कारशेड. २०१९ च्या ऑक्टोबरात रात्रीच्या अंधारात तोड सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक झाडं पडली. प्रत्येक वेळी जमीन ‘सरकारी’ आणि म्हणून मोकळी. १८३० चा तो हिशेब अजून चालू आहे.

रानात राहायचं ज्ञान कोणाकडे आहे, तेही पाहा. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं मेली आणि शहर हादरलं. आपण पिंजरे मागितले. पुढच्या अभ्यासातून अभ्यासकांनी सांगितलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने धोका वाढतो. वारली माणसाला हे वेगळ्या रीतीने ठाऊक होतं. त्याच्या पाड्याच्या वेशीवर वाघोबा आहे, त्याला मान द्यायचा, अंधारात पोराला एकटं सोडायचं नाही, कोंबड्या आत घ्यायच्या. अमेरिकेतल्या वसाहतकारांनी लांडगे जवळपास संपवले आणि सुमारे सत्तर वर्षांनी, १९९५ मध्ये, यलोस्टोनमध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडले. आपल्याकडे बिबट्या अजून आहे. त्याचं श्रेय वनखात्याला आहे, उद्यानाला आहे आणि पाड्यांनाही आहे.

पावसाच्या तोंडाशी बोरिवली-गोरेगावच्या बाजारात पाड्यावरच्या बाया शेवळं घेऊन बसतात. जांभळट कोंबांच्या जुड्या, आणि शेजारी छोटा वाटा काकडांचा. काकडं घातल्याशिवाय शेवळाची भाजी घशाला खाजते. नवं गिऱ्हाईक नुसती शेवळं घेऊन निघालं की त्या हटकून थांबवतात आणि काकडं हातात देतात. शेवळं कुठल्या उताराला उगवतात, पहिल्या पावसानंतर किती दिवसांत काढायची, कोणती सोडून द्यायची, हे त्यांच्याखेरीज या कोटीहून अधिक वस्तीच्या शहरात फार थोड्यांना ठाऊक आहे. हा त्यांचा सातबारा आहे असं मी म्हणेन. कोणतंही महसूल कार्यालय तो स्वीकारत नाही.

माझ्या काही सूचना आहेत आणि त्या अमलात आणण्यासारख्या आहेत. ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेकडे जागा आहे, कार्यकर्ते आहेत, दोन महाविद्यालयांतले तरुण येतात. चारकोप-गोराईच्या पहिल्या भूखंडधारकांपैकी अनेक जण अजून हयात आहेत, दिंडोशीच्या लढ्यातल्या बायका आहेत. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. मरोळ, आंबोली, एक्सर, कुळूपवाडी या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन, कोळी, भंडारी घरांच्या ट्रंकांत कागद आहेत, त्यांच्या नकला करा, मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्या. घाटकोपरच्या डोंगरावर पहिल्यांदा कोण चढलं, पाण्याची पहिली लाइन कोणी ओढली, हे विचारायला आज कोणी गेलं तर सांगणारी माणसं भेटतील. आणि पाड्यांवर जाल तेव्हा वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहा, आडनावासह.

आणखी एक विनंती आयोजकांना. पुढच्या वर्षीचं व्याख्यान पाड्यावरच्या कोणाकडून करवून घ्या. भाषण वारलीत झालं तरी चालेल, मराठीत सांगायला त्यांची शिकलेली मुलं आहेत. विषय आपण ठरवू नये. मी श्रोत्यांत बसायला येईन.